फ्राकास्तोरोचे 'सिफिलिस' काव्य आणि उपदंशाचा जनुकीय इतिहास : एक चिकित्सा

प्रस्तावना

इ.स. १५३० मध्ये इटलीतील व्हेरोना येथे जिरोलामो फ्राकास्तोरो या वैद्याचे एक लॅटिन काव्य प्रसिद्ध झाले. 'सिफिलिस अथवा फ्रेंच रोग' असे त्याचे शीर्षक होते. तीन सर्ग, सुमारे तेराशे ओळी, व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स' या कृषिकाव्याचा आदर्श आणि पिएत्रो बेंबो या समकालीन विद्वानाला केलेले अर्पण असे त्याचे बाह्य स्वरूप आहे. आज जगातील बहुतेक भाषांच्या वैद्यकात ज्या लैंगिक रोगाला सिफिलिस म्हणतात, त्याचे नाव मुळात या काव्यातील एका मेंढपाळाचे आहे. काव्यातील पात्रावरून रोगाचे नाव रूढ झाल्याची उदाहरणे विरळाच. तथापि वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या काव्याला एका ओळीचा उल्लेख मिळतो आणि साहित्येतिहासात ते व्हर्जिलच्या अनुकरणाचा एक सफाईदार नमुना म्हणून नोंदले जाते. नाव सर्वांनी घेतले, काव्य मात्र फारसे कोणी वाचले नाही, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखात हे काव्य आणि उपदंशाच्या जीवाणूवरील गेल्या पंचवीस वर्षांतील जनुकीय संशोधन एकमेकांसमोर ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे. फ्राकास्तोरोने जीवाणूंचा शोध आधीच लावला होता असे सिद्ध करण्याचा हेतू येथे नाही. तसा दावा करणारे लेखन विपुल आहे आणि ते बहुतांशी अतिशयोक्त आहे. येथे मांडावयाचा मुद्दा निराळा आहे. या काव्यात रोगाची दोन कारणे दिली आहेत. एक निसर्गातील, दुसरे अपराधातील. परंपरेने रोगाचे नाव दुसऱ्या कारणातून उचलले. जनुकशास्त्र आज पहिल्या कारणाचा प्रश्न पुन्हा उभा करीत आहे. परंतु ज्या वर्गीकरणाच्या आधारे ते काम करते, त्या वर्गीकरणावरही दुसऱ्या कारणाची छाया आहे. ही छाया ओळखल्याशिवाय 'उपदंश कोठून आला' या प्रश्नाचे कोणतेही उत्तर नीट वाचता येत नाही.

काव्यातील दोन कारणे

पहिल्या सर्गाचा प्रारंभच प्रश्नाने होतो : हा अपूर्व रोग आला कोठून? प्रश्न तत्कालीन होता. मार्च १४९३ मध्ये कोलंबस पहिल्या सफरीहून परतला. फेब्रुवारी १४९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या सैन्याने नेपल्स घेतले आणि त्या मोहिमेच्या मागोमाग रोग इटलीभर व तेथून युरोपभर पसरला. दोन घटनांमधील अंतर इतके थोडे होते की, नव्या जगातून जहाजांबरोबर रोग आला हे मत काव्य लिहिले जाईपर्यंत प्रचलित झाले होते. फ्राकास्तोरो हे मत मांडतो आणि ते अपुरे ठरवतो. त्याचा आक्षेप असा की, त्या पश्चिमसमुद्राशी ज्यांचा संबंध आलेला नाही अशा प्रदेशांतही रोग एकाच सुमारास दिसला. तेव्हा कारण अधिक व्यापक असले पाहिजे. ते कारण त्याला वायूत सापडते. शनी, गुरू आणि मंगळ यांच्या कर्क राशीतील युतीने वायू दूषित झाला, अशी त्याची उपपत्ती आहे.

ज्योतिष बाजूला काढले तर या सर्गात जे उरते ते लक्षणीय आहे. काही रोग वनस्पतींनाच होतात, काही एखाद्या विशिष्ट प्राण्यालाच होतात, हे कवी नोंदवतो. काही रोग दीर्घकाळ दबून राहतात, अनुकूल काळ येताच वर येतात, पुन्हा लोप पावतात आणि पुढच्या पिढ्यांना नव्याने भेटतात, असेही तो म्हणतो. या सर्गात पाप नाही. रोगाला बळी पडलेल्या उत्तर इटलीतील एका देखण्या तरुणाचे वर्णन येते. त्यात शोक आहे, बोट दाखविणे नाही.

दुसरा सर्ग उपचारांचा आहे. आहार, व्यायाम आणि विशेषतः पारा. पाऱ्याच्या उपचाराला दैवी उगम देण्यासाठी इल्सियस नावाच्या शिकाऱ्याची कथा रचली आहे. डायनादेवीचा हरिण मारल्यामुळे तो शापित होतो आणि एक अप्सरा त्याला भूगर्भातील पाऱ्याच्या नदीपर्यंत नेते. ही कथा सुंदर असली तरी ती जोडलेली वाटते. पाऱ्याचा उपचार किती यातनामय होता हे वैद्य म्हणून फ्राकास्तोरोला पुरेपूर ठाऊक असणार. कथेच्या मखमलीखाली ते झाकले गेले आहे.

तिसऱ्या सर्गात दृश्य बदलते. स्पॅनिश जहाजे नव्या जगाच्या किनाऱ्याला लागतात. खलाशी सूर्यदेवाच्या पवित्र पक्ष्यांची शिकार करतात. त्यांपैकी एक पक्षी शापवाणी उच्चारतो : तुम्हांला एक अज्ञात रोग होईल आणि त्याचे औषध शोधण्यासाठी तुम्हांला याच अरण्यात यावे लागेल. पुढे तेथील लोकांच्या उत्सवात रोगग्रस्तांचा समुदाय दिसतो आणि त्यांचा राजा रोगाची जन्मकथा सांगतो. राजा अल्सिथसच्या पदरी सिफिलस नावाचा मेंढपाळ होता. उन्हाच्या तडाख्याने गुरेमेंढ्या मरू लागल्या, तेव्हा त्याने सूर्याला दोष दिला, सूर्याची पूजा सोडली आणि आपल्या राजाची वेदी उभारली. क्रुद्ध सूर्याने रोग पाठविला व तो सर्वप्रथम सिफिलसलाच जडला. पुढे बळी, प्रायश्चित्त आणि ग्वायकम वृक्षाचे औषध असा कथेचा क्रम आहे.

सिफिलसचा अपराध लैंगिक नाही, ही गोष्ट येथे ठळकपणे नोंदवली पाहिजे. दुष्काळात जनावरे मरताना पाहून एका मेंढपाळाने देवाला विचारलेला तो जाब आहे. मराठी वाचकाला तर या मेंढपाळाबद्दल सहानुभूतीच वाटेल. संपूर्ण काव्यात लैंगिक संसर्गाचा विचार जवळजवळ नाहीच. दुसऱ्या सर्गात रुग्णाने समागम टाळावा असा पथ्याचा सल्ला येतो, तेवढाच. संसर्गाचा मार्ग फ्राकास्तोरोने स्पष्ट केला तो पुढे १५४६ मधील 'संसर्गाविषयी' या गद्य ग्रंथात. तेथे प्रत्यक्ष स्पर्शाने, वस्तूंच्या द्वारे आणि दुरून असे संसर्गाचे तीन प्रकार तो मानतो, रोगबीजांची कल्पना मांडतो आणि हा रोग मुख्यतः समागमातून व अर्भकाला दूध पाजणारीकडून होतो असे सांगतो. या ग्रंथातही भाषा पापाची नाही. म्हणजे सिफिलिस या शब्दाला पुढे जो लैंगिक अपकीर्तीचा वास चिकटला, तो कवीने दिलेला नाही. काव्यातील कथेने केवळ एक रिकामी जागा निर्माण केली : रोगामागे एक अपराधी आहे. ती जागा नंतरच्या शतकांनी आपापल्या नीतिकल्पनांनी भरली.

नाव कोणाचे?

या ठिकाणी मराठीतील एका शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मसूरिका या रोगाला आपण 'देवी' म्हणत आलो. एखाद्याला देवी 'आल्या' असे म्हटले जाई. रुग्णाच्या देहात देवतेचा वास मानला जाई. या श्रद्धेने लसीकरणाला जो अडथळा केला तो इतिहासात नोंदलेला आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु नामकरणाची दिशा पाहण्याजोगी आहे. 'देवी' या शब्दात रोगाला कोप करणाऱ्या देवतेचे नाव मिळाले. 'सिफिलिस' या शब्दात कोप ओढवून घेणाऱ्या माणसाचे. कथेचा साचा एकच, पण एका नावात रुग्ण पूज्य भावनेच्या कक्षेत येतो, तर दुसऱ्या नावात तो आरोपीचा वारस ठरतो. फ्राकास्तोरोच्या कथेतून रोगाला सूर्याचे नावही मिळू शकले असते. ते मिळाले नाही.

तत्पूर्वी रोगाला परक्यांची नावे दिली जात होती. इटलीत तो फ्रेंच रोग होता, फ्रान्समध्ये नेपल्सचा, पोलंडमध्ये जर्मनांचा, रशियात पोलंडचा. भारतातही हेच झाले. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंग' रोगाचे वर्णन येते. बाह्य, आभ्यंतर आणि उभयात्मक असे त्याचे तीन प्रकार केले आहेत, फिरंगी स्त्रीपुरुषांच्या संगतीतून तो होतो असे कारण दिले आहे आणि रसकर्पूर व चोपचिनी ही औषधे सांगितली आहेत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधिविषयक संवादग्रंथातही चोपचिनीची चर्चा या रोगाच्या संदर्भात आहे. रोग, पारा आणि चीनची मुळी ही सर्व एकाच समुद्रमार्गावरून फिरत होती असे दिसते.

येथे मराठी वैद्यकीय परिभाषेतील एका गोंधळाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. आपण सिफिलिससाठी 'उपदंश' हा शब्द वापरतो. प्रस्तुत लेखातही रूढीला मान देऊन तो वापरला आहे. परंतु सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील उपदंश म्हणजे जननेंद्रियावरील व्रणांचा एक व्यापक गट आहे. भावमिश्राने उपदंश आणि फिरंग यांची स्वतंत्र चर्चा केली, याचा अर्थच असा की, त्याच्या दृष्टीने फिरंग हा नवा रोग होता. आधुनिक परिभाषाकारांनी जुना शब्द नव्या रोगाला लावला आणि त्यामुळे 'सुश्रुताला सिफिलिस ठाऊक होता' असे विधान सहज जन्माला आले. हा पुरावा नव्हे. हा भाषांतराचा परिणाम आहे. बोलीतील 'गरमी' हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण तो प्राचीनतेचा कोणताही दावा करीत नाही. 'गुप्तरोग' या शब्दाची गोष्ट वेगळी. त्यात रोगाचे वर्णन नाही, रुग्णाने कसे वागावे याची आज्ञा आहे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७-१९५३) या रोगांची चर्चा पापपुण्याच्या बाहेर आणण्याची जी धडपड केली, ती या आज्ञेविरुद्धच होती.

जनुकसंचाची साक्ष

उपदंशाचा जीवाणू 'ट्रिपोनेमा पॅलिडम' १९०५ मध्ये बर्लिन येथे शाउडिन आणि हॉफमन यांनी पाहिला. मळसूत्रासारखा, अत्यंत बारीक आणि साध्या रंजकांनी न रंगणारा हा जीवाणू शतकभर प्रयोगशाळेत टिकवून ठेवता येत नव्हता. सशाच्या वृषणात तो वाढवावा लागे. ससाजन्य पेशींच्या सान्निध्यात त्याचे दीर्घकालीन संवर्धन साधले ते २०१८ मध्ये. त्याचा संपूर्ण जनुकसंच मात्र १९९८ मध्येच वाचून झाला होता. सुमारे ११ लाख ३८ हजार आधारजोड्या आणि एक हजाराहून थोडी अधिक जनुके. कोलायसारख्या सामान्य जीवाणूच्या तुलनेत हा चतुर्थांश संसार होय. मेदाम्ले तयार करण्याची यंत्रणा नाही, ऊर्जेसाठीचे सायट्रिक आम्लचक्र नाही. जे लागते ते यजमानाच्या शरीरातून घ्यावयाचे, अशी त्याची जीवनपद्धती आहे. विभाजनाला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. असा परावलंबी आणि मंदगती जीव माणसाच्या शरीरात दशकानुदशके कसा टिकतो?

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या बाह्य आवरणात आहे. त्यावर प्रथिने अतिशय विरळ आहेत. त्यामुळे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला पकडण्यासारखे फारसे काही सापडत नाही. शिवाय 'टीपीआर-के' नावाच्या जनुकाचे सात भाग सतत बदलत राहतात. जनुकसंचात अन्यत्र साठविलेले तुकडे या भागांत उतरवून घेतले जातात आणि प्रतिपिंडे तयार होईपर्यंत त्या प्रथिनाचे रूप पालटलेले असते. पहिल्या अवस्थेतील व्रण बरा होणे, काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येणे, मग दीर्घ शांतता आणि काही रुग्णांत वर्षांनंतर हृदय व मज्जासंस्थेवर आघात, या क्रमाचा काही अंशी उलगडा येथे होतो. दबून राहणे आणि पुन्हा वर येणे हे फ्राकास्तोरोने युगांच्या मापाने सांगितले होते. ते एका देहाच्या मापानेही खरे आहे. अर्थात ही तुलना येथेच थांबवावी. त्याची रोगबीजे ही जीवंत वस्तू होती असे मानण्यास त्याच्या ग्रंथात आधार नाही.

आता उगमाचा प्रश्न. या प्रजातीच्या तीन उपप्रजाती मानल्या जातात. 'पॅलिडम' उपप्रजाती सिफिलिस घडविते, 'पर्टेन्यू' यॉज आणि 'एन्डेमिकम' बेजेल. यॉज हा उष्ण व दमट प्रदेशांतील, मुख्यतः मुलांना त्वचेच्या स्पर्शाने होणारा रोग. बेजेल कोरड्या प्रदेशांतील, तोंडाच्या संपर्काने किंवा सामायिक भांड्यांतून पसरणारा. पॅलिडम आणि पर्टेन्यू यांचे जनुकसंच सुमारे ९९.८ टक्के समान आहेत. म्हणजे अकरा लाखांहून अधिक स्थानांपैकी फार तर दोन-सव्वादोन हजार ठिकाणी फरक. यांपैकी कोणत्या फरकामुळे एक रोग लैंगिक संबंधांतून पसरतो आणि दुसरा खेळणाऱ्या मुलांच्या पायांवरच्या फोडांतून, हे कोणालाही दाखविता आलेले नाही.

२००८ मध्ये क्रिस्टिन हार्पर आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील नमुन्यांचा वंशवृक्ष मांडला. दक्षिण अमेरिकेतील गयाना येथील यॉजचे नमुने सिफिलिसला सर्वांत जवळचे आहेत, सबब सिफिलिसचे मूळ नव्या जगात, असा त्यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी 'कोलंबस दोषी' असा निकाल लावला. वास्तविक या जवळिकीचा आधार अगदी मोजक्या स्थानांचा होता आणि तसा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला. याच अभ्यासकांनी २०११ मध्ये कोलंबसपूर्व युरोपातील सांगाड्यांविषयीच्या ५४ प्रकाशित अहवालांची छाननी केली. निदान आणि कालनिश्चिती दोन्ही निर्विवाद आहेत असा एकही सांगाडा त्यांना आढळला नाही. या छाननीतील एक तपशील रोचक आहे. भरपूर मासे खाणाऱ्या माणसाच्या हाडांत समुद्रातील जुना कार्बन साठतो आणि किरणोत्सारी कार्बनच्या कसोटीला ती हाडे प्रत्यक्षाहून जुनी भासतात. किनारपट्टीवरचा आहार इतिहासाला काही दशके किंवा शतके मागे ढकलू शकतो तर!

पुढील पुरावा प्राचीन डीएनएचा. २०१८ मध्ये वसाहतकालीन मेक्सिको शहरातील बालकांच्या अस्थींमधून तीन जनुकसंच मिळाले. त्यांपैकी दोन सिफिलिसचे आणि एक यॉजचा निघाला. २०२० मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि नेदरलँड्स येथील जुन्या अस्थींतून मिळालेल्या जनुकसंचांत सिफिलिस तर होताच, पण यॉजही होता आणि आज कोठेही आढळत नाही असा एक निराळा वंशही होता. यॉज हा उष्ण कटिबंधाचा रोग ही पाठ्यपुस्तकी समजूत बाल्टिक समुद्राच्या थंड किनाऱ्यावर अशी मोडून पडली. जानेवारी २०२४ मध्ये ब्राझीलच्या सान्ता कातारिना किनाऱ्यावरील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दफनांतून बेजेलच्या निकटचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मेक्सिको, पेरू, चिली व अर्जेंटिना येथील पाच प्राचीन जनुकसंचांचे विश्लेषण आले. त्यानुसार अमेरिका खंडात या प्रजातीचे अनेक वंश हजारो वर्षे नांदत होते आणि आजच्या सिफिलिस, यॉज व बेजेल यांचा जागतिक फैलाव युरोपीय आगमनाच्या सुमारास किंवा त्यानंतर झाला.

एवढा पुरावा पाहता प्रजातीचे खोल मूळ अमेरिकेत असण्याची बाजू आज बळकट झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु या पुराव्याला 'कोलंबसने सिफिलिस आणला' या वाक्यात कोंबणे सयुक्तिक नाही. पहिली गोष्ट, अमेरिकेतील प्राचीन नमुने हे आजच्या सिफिलिसचे पूर्वज नसून चुलत वंश आहेत. दुसरी, वंशांच्या फाट्यांचा काळ उत्परिवर्तनाच्या गृहीत वेगावर अवलंबून असतो आणि या मंदगती जीवाणूत वंशावंशांमध्ये जनुकांची देवघेवही झालेली असल्याने त्या काळाच्या मर्यादा अनेक शतकांनी, काही ठिकाणी सहस्रकांनी, रुंद आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपात आढळलेली वंशांची विविधता एका जहाजाच्या कथेत सहजी बसत नाही. ही विविधता दोन वर्षांत कशी निर्माण झाली, की आधीपासून होती? फ्राकास्तोरोचा पहिल्या सर्गातील आक्षेप नेमका हाच होता : एकाच वेळी इतक्या ठिकाणी कसा? त्याचे उत्तर चुकले. आक्षेप मात्र पूर्णपणे निकालात निघालेला नाही. शिवाय तिसऱ्या सर्गात तो स्वतःच नव्या जगात हा रोग पुरातन असल्याचे दाखवितो. समीक्षकांनी ही विसंगती मानली आहे. परंतु रोग दोन्हीकडे असू शकतो आणि काळ त्याला वर आणतो, अशी कवीची भूमिका धरली तर दोन्ही सर्ग एकत्र वाचता येतात.

वर्गीकरणातील छाया

येथवर आपण सिफिलिस, यॉज आणि बेजेल ही नावे वेगळ्या वस्तूंची नावे असल्याप्रमाणे वापरली. ती तशी आहेत काय? उपप्रजातींची ही विभागणी जनुकांवरून झालेली नाही. रोग कोणाला होतो, कोठे होतो आणि कसा पसरतो यावरून ती आधी झाली आणि जनुकांतील फरक नंतर शोधले गेले. फरक सापडले हे खरे. परंतु सीमा अपेक्षेइतक्या पक्क्या नाहीत. क्यूबा आणि जपान येथे सिफिलिस म्हणून उपचार घेतलेल्या प्रौढ रुग्णांचे नमुने जनुकीय तपासणीत बेजेलचे निघाले आणि त्यांना संसर्ग लैंगिक संबंधांतून झाल्याचे मानण्यास आधार होता. आफ्रिकेतील वानरांत पर्टेन्यू आढळतो. पॅलिडमच्या काही जनुकांत पर्टेन्यूशी जुळणारे तुकडे आहेत. तात्पर्य, 'लैंगिक' हे विशेषण जीवाणूच्या अंगावर लिहिलेले नाही. संधी मिळेल त्या मार्गाने तो जातो. मार्ग माणसांच्या राहणीवर, कपड्यांवर, हवामानावर आणि गर्दीवर ठरतो.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो की, संसर्गाचा मार्ग हीच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त माहिती आहे. वर्गीकरण त्यावर उभारले तर बिघडले कोठे? प्रतिवाद रास्त आहे. रोग रोखणाऱ्याला मार्ग माहीत असावाच लागतो. आक्षेप मार्ग सांगण्याला नसून, त्यालाच रोगाचे स्वरूप समजण्याला आहे. याचे परिणाम किती प्रत्यक्ष असतात, हे आपल्याच प्रदेशातील एका उदाहरणावरून दिसते.

मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात यॉज दीर्घकाळ होता. निर्मूलनाचा कार्यक्रम १९९६ मध्ये ओडिशातील कोरापुट जिल्ह्यात सुरू होऊन पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांत विस्तारला. २००३ नंतर देशात नवा रुग्ण आढळला नाही आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचे प्रमाणित केले. ही कामगिरी जितकी गौरवास्पद आहे, तितकी ती मराठी वाचकाला अपरिचित आहे. या रोगाची स्थानिक नावे काय होती? 'गोंडी रोग', 'माडिया रोग', 'कोया रोगम्'. म्हणजे जमातीचेच नाव रोगाला. फ्रेंच रोग, पोलंडचा रोग, फिरंग या मालिकेतीलच ही नावे; फरक इतकाच की, फ्रेंच व फिरंगी सत्तेच्या बाजूला होते आणि माडिया नव्हते. त्यात भर अशी की, 'व्हीडीआरएल' किंवा तत्सम रक्तचाचण्यांना यॉज आणि सिफिलिस यांत भेद करता येत नाही. दोन्हींत चाचणी सारखीच होकारार्थी येते. बालपणी यॉज होऊन गेलेल्या व्यक्तीच्या अहवालावर प्रौढपणी 'गुप्तरोगा'चा शिक्का बसू शकतो, आणि तो शिक्का वाचणारा जनुकसंच वाचत नाही.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर प्रश्न अधिक गंभीर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात १५ ते ४९ या वयोगटातील ८० लाख प्रौढांना सिफिलिसचा नवा संसर्ग झाला. हा जीवाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मजात रोग संभवतो. वेळेवर चाचणी आणि बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन यांनी हे बहुतांशी टाळता येते. अ‍ॅझिथ्रोमायसिनला तोंड देण्यासाठी या जीवाणूला एका स्थानावरील एक बदल पुरतो आणि तो बदल जगाच्या अनेक भागांत पसरला आहे. पेनिसिलिनपुढे मात्र १९४३ पासून आजपर्यंत तो हतबल आहे. एवढे स्वस्त व खात्रीचे औषध हाती असताना जो रोग अर्भकांचा बळी घेतो, त्याचे कारण जीवशास्त्रात शोधून सापडणार नाही. आपल्याकडे प्रसूतिपूर्व तपासणीत ही चाचणी समाविष्ट आहे. तिचा निकाल बाईला कोणत्या शब्दांत सांगितला जातो, नवऱ्याला बोलावणे कसे धाडले जाते आणि सासरच्या माणसांसमोर कोणता शब्द उच्चारला जातो, यावर पुढचे इंजेक्शन घेतले जाईल की नाही हे ठरते. 'तुला गुप्तरोग आहे' आणि 'तुमच्या रक्तात एका जंतूचा संसर्ग दिसतो, बाळाला जपायचे तर दोघांनीही औषध घ्यावे लागेल' ही दोन्ही वाक्ये एकाच अहवालावरून बोलता येतात. पहिल्या वाक्यात सिफिलस मेंढपाळाची कथा आहे. दुसऱ्यात ती नाही.

फ्राकास्तोरोच्या काव्याचे मराठी भाषांतर झाल्यास ते वैद्यकीय परिचारिकांपासून साहित्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांना उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंग्रजीत ते १६८६ पासून उपलब्ध आहे. भाषांतरकाराने तिसऱ्या सर्गाइतकेच कष्ट पहिल्या सर्गावर घ्यावेत. दरम्यान परिभाषेपुरती एक सूचना करता येण्याजोगी आहे. वैद्यकीय कोशांत 'उपदंश' या नोंदीखाली सुश्रुतोक्त उपदंश आणि ट्रिपोनेमाजन्य रोग यांचे अर्थ वेगळे क्रमांक देऊन नोंदवावेत, 'फिरंग' हा शब्द ऐतिहासिक म्हणून दाखवावा आणि 'गुप्तरोग' या नोंदीपुढे केवळ 'लैंगिक संसर्गजन्य आजार पाहा' एवढेच असावे. यॉजसाठी 'यॉज' हा शब्द पुरेसा आहे. जमातीचे नाव त्याला पर्याय म्हणून देऊ नये.